सड्याच्या वाटेला बाण हवा

महोदय,
त्सुनामी म्हटले की आपल्याला २६ डिसेंबर २००४ आणि पूर्व किनारा एवढेच आठवते. परंतु २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपानंतर काही तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा आल्या आणि जवळपास १५ जण वाहून गेले, अशी नोंद असूनही कोकणात हा विषय कोणी काढत नाही. मकरान इतके दूर आहे की तिथला भूकंप इथे कदाचित जाणवणारही नाही, म्हणून ‘जमीन हादरली की पळा’ हा नियम आपल्याला पुरेसा नाही. त्सुनामीचा इशारा देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेकडून इशारा काही मिनिटांत निघतो खरा, पण जेटीवर जाळे सांधत बसलेल्या माणसापर्यंत तो कोण पोचवणार? आमच्या बंदरावर पोहण्यास मनाई करणारी गंजलेली पाटी आहे. मात्र सड्यावर, म्हणजे उंच पठारावर, चढणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट) दहा मिनिटांच्या अंतरावर असूनही तिकडे दाखवणारा बाण कुठेच नाही.

ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोकडून ‘त्सुनामी रेडी’ (त्सुनामीसाठी सज्ज) ही मान्यता मिळाली. आपल्या ग्रामपंचायतींनीही ५ नोव्हेंबरच्या जागतिक त्सुनामी जागृती दिनी एकदा तरी रंगीत तालीम घ्यावी. समुद्र अचानक ओसरल्यास उघड्या पडलेल्या मासळीमागे धावू नये, पहिली लाट ओसरली म्हणून घरी परतू नये, खाडीकाठ सुरक्षित समजू नये आणि खोल पाण्यातील होड्यांनी बंदराकडे वळू नये, हे मुलांनाही पाठ असावे.

– एक वाचक, रत्नागिरी