तक्रार नेमकी कुठे करायची?

संपादक महोदय,

दुकानदाराने छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेतले किंवा वजनात मारले, की लोक थेट ग्राहक आयोगाची भाषा करतात. हे काम जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र (म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या) कार्यालयाचे. सोबत बिल आणि वेष्टनावरच्या किमतीचा फोटो द्यावा. बिलच घेतले नसेल तर निरीक्षक तरी काय करणार?

भरपाई हवी असेल तर मात्र जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार लावता येते, विक्रेता दिल्लीचा का असेना. मर्यादा ठरते ती आपण मोजलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही.

खरी गोची मुदतीची. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली की लोक निर्धास्त होतात. ती समेटाची सोय आहे. आयोगाकडे तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत तेवढ्याने थांबत नाही. उशीर झालाच तर सबळ कारणांसह विलंबमाफीचा अर्ज तक्रारीलाच जोडावा.

आणि हो, थर्मल कागदावरची बिले काही महिन्यांत पांढरीफटक पडतात. हातात पडल्याबरोबर झेरॉक्स काढून ठेवा.

– एक वाचक, सातारा