मास्तर, त्या तुटलेल्या सुईसाठी थँक्यू

नमस्कार मास्तर,

हे खरंतर जेलमधून सुटलो त्याच आठवड्यात लिहायला पाहिजे होतं, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं आणि नंतर वाटायला लागलं की आता इतक्या उशिरा काय लिहायचं. परवा कामावर एक गोष्ट झाली आणि म्हटलं, लिहूनच टाकू, आणि सगळ्यांसमोर लिहू.

तुम्हाला आठवतं का बघा. जेलच्या शिलाई शेडमध्ये तुमच्या हाताखाली येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते, जाड कापडाच्या चार पदरांवर मी मशीन जोरात दामटली आणि सुई तुटली. अर्धी मशीनमध्येच राहिली, मधला तुकडा सापडला, टोक गायब. बाहेरच्याला वाटेल एवढंसं टोक, त्यात काय! पण आत कात्री साखळीला बांधलेली, सुया मोजून देणार आणि मोजून घेणार, टोक मिळाल्याशिवाय शेडमधून एक माणूस हलणार नाही. गिनतीची वेळ झालेली, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या डोक्यात एकच, आता हे म्हणणार की यानेच लपवलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. खिशातून दोऱ्याला बांधलेला लोहचुंबकाचा तुकडा काढलात आणि गुडघे टेकून फरशीवरून फिरवत बसलात. टोक माझ्याच पायाखालच्या चिंध्यांत निघालं. तिन्ही तुकडे कागदावर जुळवून वर चिकटपट्टी लावलीत आणि म्हणालात, "झाली ना पूर्ण सुई? आता तारीख टाक आणि सही कर." आत गेल्यापासून कोर्टाचे कागद सोडले तर माझी सही कुणाला लागलीच नव्हती हो.

तुमच्या आधीही मी शिलाईवरच होतो म्हणा. पण ते काय शिकणं होतं! महिनोन्महिने फक्त चादरीची कड दुमडायची, सरळ टीप मारायची, पुढची चादर. माप कसं घेतात, कटिंग कसं करतात, मशीन अडली तर शटल कसं काढायचं, कुणी सांगितलं नाही, कारण माल निघत होता. नंतर कळलं की कैद्यांना कसं वागवायचं याचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला रूल्स आहेत, त्यातल्या ९८ व्या नियमात लिहिलंय की होईल तेवढं काम असं द्या ज्याने सुटल्यावर माणूस प्रामाणिकपणे पोट भरेल, आणि ९९ व्यात तर हेही की जेलच्या कारखान्याच्या नफ्यापायी कैद्याचं शिकणं मागे पडता कामा नये. तुम्ही हे वाचलं होतं की नाही कोण जाणे, पण बिघडलेली मशीन मुद्दाम माझ्यापुढे ठेवून "खोल" म्हणायचात.

आणि ते सर्टिफिकेट. त्यावर जेलचं नाव नको, नुसतं कोर्सचं नाव पाहिजे, यासाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते आम्ही बघत होतो. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली होती, आत शिक्षण किंवा ट्रेनिंग घेतलेल्यांची परत गुन्ह्यात अडकण्याची शक्यता ४३ टक्के कमी निघाली, पण नोकरी मिळण्याची शक्यता १३ टक्केच जास्त. (आता कोर्सला बसणारेच मुळात सुधारायचं ठरवून बसले असतील, तेही आहेच.) पण तो १३ चा आकडा मला बरोब्बर समजतो, कारण हात कितीही साफ चालला तरी "मधली वर्षं कुठे होतास?" हा प्रश्न येतोच येतो. तुमच्या त्या कागदामुळे निदान दारातूनच परत फिरावं लागलं नाही.

तर परवाची गोष्ट. मी आता गारमेंट युनिटमध्ये आहे. शेजारच्या नवीन पोराची सुई तुटली आणि तो घाबरून तुकडे पायाने मशीनखाली सरकवायला लागला. मी त्याला थांबवलं, खाली बसलो, टोक शोधलं, तुकडे कागदावर जुळवून चिकटवले आणि त्याला म्हटलं तारीख टाक. सुपरवायझर बघत होते, म्हणाले, एक्स्पोर्टच्या कामावर होतास का आधी? कारण इथेही हाच नियम आहे, तुकडा कपड्यात राहिला तर घालणाऱ्याला टोचणार, म्हणून रजिस्टर. मी म्हटलं, नाही, एका कडक मास्तरांच्या हाताखाली होतो.

काजं मात्र अजून धड जमत नाहीत, पातळ कापडावर तर कोपरे उसवतातच. एकदा भेटा, कापड घेऊन येतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या मशीनवरचा