काजव्यापासून सुरुवात कर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सातवीच्या मुलांना जीवदीप्ती, म्हणजे सजीवांच्या अंगातून निघणारा उजेड, कशी शिकवावी असे तू विचारले आहेस आणि जमवलेल्या चित्रांची यादीही पाठवली आहेस. चित्रे सुरेख आहेत, पण खोल समुद्रातल्या त्या कंदीलवाल्या माशापासून सुरुवात करू नकोस, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याला पाहून मुले थक्क होतात आणि तिथेच थांबतात, कारण त्याच्याविषयी त्यांना स्वतः काहीच तपासून पाहता येत नाही. शिवाय त्याचा दिवा त्याच्या अंगात वस्तीला आलेल्या जिवाणूंमुळे उजळतो, आणि ते कळायला आधी बरेच काही कळावे लागते.

आमच्या अकोले तालुक्यात मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे चमकतात, म्हणून मी तिथूनच आरंभ करतो. काजवा आपण होऊन मनगटावर येऊन बसला तर त्याच्या पोटाच्या टोकाकडची फिकट पट्टी उजळते, विझते, पुन्हा उजळते, आणि कातडीला ऊब म्हणून जाणवत नाही. जुना पिवळा बल्ब हाताला चटका देतो, मग याचा उजेड थंड कसा, असे कोणीतरी मूल विचारतेच. तो प्रश्न येईपर्यंत मी फळ्यावर एकही रासायनिक नाव लिहीत नाही.

त्यानंतर मी इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगतो. त्याने चमकणाऱ्या कुजक्या लाकडाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला आणि पंपाने आतली हवा काढून घेतली, तेव्हा उजेड मंदावला. हवा परत आत सोडताच तो पुन्हा दिसू लागला. हे निरीक्षण 1668 साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ऑक्सिजनचा शोध लागण्याच्या शंभरेक वर्षे आधी. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या काटक्या बुरशीमुळे चमकतात, हे इथेच सांगितले की मुलांना ते इंग्लंडमधले लाकूड परके वाटत नाही.

मात्र सर्वांत जास्त वेळ राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगाला दे. 1880 च्या दशकात त्याने आधी चमकणाऱ्या भुंग्यावर आणि मग फोलास नावाच्या शिंपल्यावर काम केले. या प्राण्यांचा थंड पाण्यात काढलेला अर्क थोडा वेळ चमकून विझला. गरम पाण्यात काढलेला अर्क तर चमकलाच नाही. मग त्याने तो गार करून पहिल्या, विझलेल्या अर्कात मिसळला आणि उजेड परत आला. इथे थांब आणि वर्गाला विचार करू दे. उजेडासाठी दोन पदार्थ लागतात. थंड अर्कात त्यांतला एक वापरून संपला आणि दुसरा शिल्लक राहिला, तर उष्णतेने हा दुसरा बिघडला आणि पहिला टिकला, इथवर मुले बोलत बोलत स्वतः येतात. माझा अनुभव असा की त्यात एक अख्खा तास जातो आणि तो वाया गेला असे मला कधीच वाटलेले नाही. खर्ची पडणारा पदार्थ तो ल्युसिफेरिन आणि अभिक्रिया घडवणारे विकर ते ल्युसिफरेज, ही नावे द्युब्वानेच दिली. ती आता फळ्यावर लिहावीत. काजव्याला याखेरीज पेशीतली ऊर्जा पुरवणारे एटीपीही लागते, पण सातवीत एवढा उल्लेख पुरे.

जत्रेत मिळणाऱ्या चमकत्या नळ्या प्रयोगासाठी उत्तम. एक गरम पाण्यात आणि एक बर्फाच्या पाण्यात ठेवली की गरम पाण्यातली जास्त उजळते, पण लवकर विझते. तो उजेड सजीवाचा नाही, निव्वळ रसायनांचा आहे, हे स्पष्ट सांग. आत काचेची कुपी असते, म्हणून नळी कापू देऊ नकोस. रात्री चमकणाऱ्या चिकट चांदण्या मात्र वेगळ्या, त्या आधी दिव्याचा उजेड साठवतात. हा फरक मुलांकडून बोलून घे.

तुझ्याकडे तर मालवणचा समुद्र आहे. हिवाळ्यात कधी लाटा निळ्या चमकू लागल्या, तर घरच्या मोठ्या माणसांसोबत मुलांना किनाऱ्यावर ने आणि काचेच्या बरणीत पाणी घेऊन अंधारात ती हलकेच फिरवायला सांग. पाणी हलले की नॉक्टिल्युका चमकते. हा एकपेशीय जीव जेमतेम मिलिमीटरभर असतो, तरी बारीक नजरेला ठिपक्यासारखा दिसतो. मात्र त्याची बेसुमार वाढ माशांना घातक ठरू शकते, हेही मुलांपासून लपवू नकोस.

बाटलीत काजवे भरण्याला मी सक्त विरोध करतो. त्यांचा उजेड म्हणजे नर-मादीचा संवाद आहे आणि प्रौढ काजव्याला त्यासाठी मोजकेच आठवडे मिळतात. टॉर्च आणि गाड्यांचे दिवे त्यात अडथळा आणतात. भंडारदऱ्याला सहल आणायची असेल, तर गाडी लांब उभी कर, दिवे बंद ठेव आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत, निदान पंधरा-वीस मिनिटे, मुलांना गप्प बसव. वनखात्याचे त्या वर्षीचे नियम आधी विचारून घे. राहण्याची सोय मी करतो, फक्त मुलांची संख्या एप्रिलमध्येच कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद