संगणकाच्या डिस्कसाठी रेड कार्ड घेण्याआधी एक आकडा बदलून पाहा

संपादक महोदय,

जुनी मासिके स्कॅन करून जपणाऱ्या लहान वाचनालयांच्या कार्यकर्त्यांसाठी हे पत्र लिहीत आहे. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर मी मिरजेतल्या एका वाचनालयात हेच काम बघते. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला स्कॅन केले की टिफ फाइल सुमारे २६ एमबीची होते. आमच्याकडे लिनक्सवर चार डिस्कचा सॉफ्टवेअर रेड-५ आहे, म्हणजे चार डिस्क एकत्र बांधून एखादी बिघडली तरी डेटा टिकवणारी मांडणी. फाइल उघडायला चपळ, पण साठवायला रडतखडत. दोन स्कॅनर एकदम चालवले की स्कॅन करणाऱ्या मुलींना पान उलटून नुसते थांबावे लागे. विक्रेत्याने डिस्कची ही जुळणी स्वतः सांभाळणारे महागडे रेड कार्ड सुचवले. पैसे वर्गणीचे, म्हणून मी आधी दुखणे कुठे आहे ते शोधले.

रेड-५ मध्ये एवढासा तुकडा लिहायचा तरी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला हिशेब) वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहायची. एका कामाला चार फेऱ्या! सगळ्या डिस्कवर आडवा पसरणारा अख्खा पट्टा मेमरीत जमला तर वाचायच्या फेऱ्या वाचतात. पण त्यासाठी राखलेल्या मेमरीचा आकडा, म्हणजे 'स्ट्राइप कॅश साइझ', मुळात २५६ असतो, म्हणजे दर डिस्कमागे जेमतेम १ एमबी. आमचा चंक, म्हणजे पट्ट्याचा एका डिस्कवरचा तुकडा, ५१२ केबीचा, त्यामुळे दोनच पट्टे मावत आणि अर्धवट भरलेलेच बाहेर पडत. मी तो आकडा ८१९२ केला. चार डिस्कना मिळून १२८ एमबी रॅम गेली, पण मुलींचे थांबणे संपले. खर्च शून्य. मशीन रीस्टार्ट झाले की आकडा पुन्हा २५६ होतो. तो आपोआप बसेल अशी सोय जरूर करावी.

वेगासाठी 'बिटमॅप', म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागात लिखाण चालू आहे याच्या खुणांची नोंद, काढून टाका, असाही सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही, इतरांनीही मानू नये. वीज अचानक गेली तर बिटमॅपमुळे खूण केलेले भागच तपासावे लागतात. तो नसेल तर सगळ्या डिस्क पहिल्यापासून जुळवत तासन्‌तास जातात. बिटमॅपचा एकेक भाग मोठा धरला की लिखाणावरचा त्याचा भार पुष्कळ हलका होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कितीदा जाते हे वेगळे सांगायला नको. कार्डाचे वाचलेले पैसे आम्ही यूपीएसच्या नव्या बॅटरीला लावले.

ग्रंथालय संचालनालयाने अशा चार व्यवहारी गोष्टी मराठीत छापून वाचनालयांना पाठवाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज