चेन लॉक, क्लच वायर आणि देवगडच्या वाटेवरचे काका

काका, नमस्कार.

तुमचं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे त्या दिवशीच कळलं होतं. पण हे पत्र तुम्हालाच आहे आणि तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल अशी खात्री आहे.

आठवण करून देतो. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, रविवार, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. मी मोटरसायकलवर रत्नागिरीहून पावस, आडिवरे, जैतापूर करत विजयदुर्ग बघून देवगडला निघालो होतो, पडेल सोडलं आणि जामसंड्याच्या अलीकडे सड्यावर खाडकन आवाज झाला, गाडी नुसतीच रेस व्हायला लागली, पुढे जाईना. खाली बघितलं तर चेन रस्त्यावर पडलेली. दोन्हीकडे आंब्याच्या बागा, माणूस नाही, मोबाईलला रेंज नाही. गाडी ढकलत दीड-दोन किलोमीटर आलो तेव्हा तुमचं गॅरेज दिसलं, शटर अर्धं खाली होतं आणि तुम्ही हात धुवत होता.

तुम्ही चेन हातात घेतली, एक कडी वाकवून बघितली आणि म्हणालात, "चेन तुटली नाय, लॉक पडला. तेल खय आसा हिका?" मला खरंच उत्तर देता आलं नाही, कारण निघायच्या चार दिवस आधी मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती, बिलही भरलं होतं, पण चेनला कोणी हातच लावला नव्हता. वर मी आदल्या दिवशी वाळूवर गाडी घातलेली. चेन लाल दिसत होती, आणि ती माती नव्हती, गंज होता.

तुमच्याकडे डब्यात लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी क्लिपवाली कडी, होतं. दोन मिनिटांत लावून मला वाटेला लावलं असतं तरी मी तुमचा जन्मभर आभारी राहिलो असतो. पण तुम्ही पाना माझ्या हातात दिलात. "तूच कर, मी सांगतंय. फुडच्या येळेक मी थंय नसतलंय." काका, मला आभार या वाक्याचे मानायचेत.

पुढचा दीड तास मी विसरलेलो नाही. आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेन घासायला लावलीत, मग फडक्याने कोरडी केली, मग लॉक. लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे, नाहीतर काही घासलं की क्लिप निघून पडते, हे तुम्ही मला तीन वेळा उलटं-सुलटं लावून दाखवलंत. गाडी मेन स्टँडवर, चाक हाताने फिरवायचं आणि नव्वद नंबरचं गियर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं, इंजिन चालू ठेवून गियरमध्ये हे काम कधीही करायचं नाही असं तुम्ही जरा ओरडूनच सांगितलंत आणि त्या बोट गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितलीत, ती माझ्या डोक्यातून जात नाही.

मग ताण. खालच्या चेनला मधोमध बोट लावून वर-खाली केली की 20 ते 30 मिमी हलली पाहिजे, आणि एकाच जागी बघून चालत नाही, चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघायचं कारण झिजलेली चेन एका जागी टाईट आणि दुसऱ्या जागी ढिली लागते. मागचा नट सैल करून दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारखे, खुणा मोजून, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि जे मला पुण्या-मुंबईत आजवर एकाही मेकॅनिकने सांगितलं नव्हतं ते म्हणजे चाक मागे सरकलं की मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड पण ताणला जातो, म्हणून चेन झाली की ब्रेकचा प्ले, म्हणजे पेडलची मोकळी हालचाल, बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

तोपर्यंत काकूंनी चहा आणला होता, आणि तुम्ही लॉकचे फक्त 30 रुपये घेतलेत.

निघताना तुम्ही जुन्या बिलाच्या मागे सामान लिहून दिलंत, तो कागद माझ्या पाकिटात आहे. एक चेन लॉक, क्लच वायर, दोन फ्यूज, प्लग आणि प्लग पाना, 10-12 चा पाना, पक्कड, इन्सुलेशन टेप, बायंडिंग तार, एमसील, ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पायाने मारायचा पंप. माझ्या गाडीला ट्यूबचे टायर आहेत, त्यामुळे नुसतं पंक्चरची दोरी भरायचं किट घेऊन फिरणं म्हणजे ओझं, हेही तुम्हीच सांगितलंत. खाली एक ओळ होती: रोज रात्री गोडं पाणी. समुद्राकाठी फिरल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने गाडी धुवायची, पुसायची आणि चेनला तेल, म्हणजे रात्रभर मुरतं आणि सकाळी उडत नाही. एरवी दर 500 किलोमीटरला तेल. आता मी लाल धुळीतून आलो की एअर फिल्टर पण उघडून बघतो, आणि बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावतो, खाऱ्या हवेत तिथे पांढरी-हिरवी बुरशी धरते तसं होत नाही.

आता मुख्य गोष्ट. या फेब्रुवारीत मी बाबांना मागे बसवून गणपतीपुळ्याहून गुहागरला निघालो होतो. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली, शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळला उतरलो आणि वर चढताना क्लचचा लिव्हर एकदम हलका झाला. वायर तुटली होती, लिव्हरपाशीच, तुम्ही म्हणाला होता तिथेच. बाबा 68 वर्षांचे आहेत, दुपारचं ऊन, त्यांना चालत कुठे नेणार होतो मी?

पण काका, नवी वायर तिथेच होती. तुम्ही सांगितलं होतं की नवी वायर जुन्या वायरच्या शेजारून आधीच ओवून टेपने बांधून ठेव, टाकी काढायची गरज पडत नाही, फक्त दोन टोकं बदलायची. मी घरी तसंच केलं होतं. 10 चा पाना काढला, वरची खाच जुळवून जुनं टोक सोडवलं, खालचं टोक इंजिनच्या आर्ममधून काढलं, नवीन अडकवली, लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी प्ले ठेवला. वीस-पंचवीस मिनिटं लागली. बाबा शेजारी छत्री धरून उभे होते आणि एकदाही त्यांनी विचारलं नाही की आता काय होणार. हेदवीच्या दशभुज गणपतीला आम्ही वेळेत पोचलो, रात्री वेळणेश्वरला बाबांनी आईला फोनवर सगळं सांगितलं, पाना कितीचा होता तेसुद्धा.

तो पाना तुमचा होता. त्या दिवशी तुम्ही माझ्या पिशवीत टाकलात आणि "ऱ्हवांदे" म्हणालात. कडेला निळा रंग लागलेला आहे, तुम्ही ओळखाल. मी आता स्वतःचा 10-12 घेतलाय, तुमचा मे महिन्यात परत आणून देतोय, सोबत बाबा पण येणार आहेत, त्यांना तुम्हाला भेटायचंय. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता की चेन तोडायचं टूल तिकडे चांगलं मिळत नाही, तेही घेतलंय. काकूंना नमस्कार सांगा. रविवारी संध्याकाळी येणार नाही, शटर पूर्ण उघडं असताना येतो.

तुमचा,
लॉक पडलेल्या चेनवाला