विसरायचे कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवर आपोआप पोस्ट टाकणाऱ्या साधनांची रविवारच्या पुरवणीत आपण अर्धे पान भरून भलावण केली आहे. ती रविवारी वाचली आणि सोमवारी पुन्हा वाचली, कारण पहिल्या वेळी रागात निम्मी अक्षरे दिसलीच नव्हती. ‘महिन्याचा मजकूर एकदा भरून ठेवा आणि विसरून जा,’ असे आपले लेखक सांगतात. संपादक महोदय, मी विसरून गेलो होतो!

मी तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाचा मानद कार्यवाह. जानेवारीतील व्याख्यानमालेच्या सात दिवसांच्या सात पोस्ट, वक्त्यांच्या छायाचित्रांसह, मी डिसेंबरातच अशा एका साधनात भरून ठेवल्या होत्या. साधन फुकटातले नव्हे, वर्षाची वर्गणी भरून घेतलेले. मग आपल्याच पुरवणीने सल्ला दिला की, नववर्षाचा संकल्प म्हणून सगळे पासवर्ड बदला. मी आज्ञाधारक वाचक, १ तारखेला बदलले. त्यानंतर त्या साधनातून एकही पोस्ट बाहेर पडली नाही, आणि हे मला कळले तिसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाला. पाहुणे कोल्हापूरहून स्वखर्चाने आलेले. सभागृहात माणसे सतरा, त्यांत चार आमच्या कार्यकारिणीची आणि एक ध्वनिक्षेपकवाला. ‘थंडी फार आहे का इकडे?’ असे पाहुण्यांनी सौजन्याने विचारले. मी ‘हो’ म्हणालो.

साधनाने कळवले नव्हते असे नाही. ‘खाते पुन्हा जोडा’ अशी मेल तीन वेळा आली होती, पण ती माजी कार्यवाहांच्या पत्त्यावर. पुन्हा जोडायला गेलो तर ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर. ते मुलीकडे न्यू जर्सीला. इथले सकाळचे अकरा म्हणजे तिथले मध्यरात्रीचे साडेबारा. बिचारे उठले. त्यांनी चष्मा शोधला, आकडे वाचून दाखवले, आणि मी ते भरेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वहिनींनी वाचून दाखवले तेव्हा जमले. (आता क्रमांक बदलून घेतला आहे. सूचनांची पत्रे पाठवू नयेत.)

आता लेखातील ‘ही साधने माध्यमांच्या लॉगिनमधील बदलांशी चटकन जुळवून घेतात’ या विधानाकडे येतो. मी बँकेत ३४ वर्षे काढली, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो. हल्ली अधिकृत परवानगीने चालणारी साधने आपला पासवर्ड घेत नाहीत. आपण माध्यमाच्या पानावर जाऊन त्यांना एक मर्यादित मुखत्यारपत्र देतो. त्याला टोकन म्हणतात. एवढेच काम करायचे, एवढेच दिवस करायचे. फेसबुकचे दीर्घ मुदतीचे टोकनही साधारण ६० दिवसांचे, आणि खातेदाराने पासवर्ड बदलला की मुदतीआधीच रद्द. ही पद्धत चांगलीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ट्विटरने ३१ ऑगस्ट २०१० रोजी इतर अ‍ॅपना नाव-पासवर्ड वापरून आत येणे बंद केले आणि टोकन सक्तीचे केले, तेव्हा साधने बनवणाऱ्यांनी खरोखरच मेहनत घेऊन आपली घडी बदलली. पण मुखत्यारपत्र संपले की नव्याने सही करायला खातेदारालाच यावे लागते. म्हणजे दर खेपेला जुळवून घेतो तो मी, आणि वर्षाची वर्गणी भरतो तोही मीच!

आणि जिथे माध्यमाने दारच बंद केले, तिथे ही साधने काय करतात, हेही लिहायचे होते. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर (फेसबुकवरील कोट्यवधी लोकांची माहिती त्यांच्या नकळत वापरली गेली, तेच ते) ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅपना वैयक्तिक खात्यावर पोस्ट टाकू देणे थांबवले. २०२४ मध्ये ग्रुपचीही तीच गत झाली. त्यावर काही साधनांनी काढलेला तोडगा असा की, ठरल्या वेळी आपल्या मोबाइलवर घंटी वाजते: वेळ झाली, आता तुम्ही स्वतः टाका. याला आपोआप म्हणायचे तर आमच्या घरचे गजराचे घड्याळ १९७८ पासून आपोआप आहे. ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक ही ट्विटर वापरण्यासाठी बाहेरच्यांनी बनवलेली, वर्षानुवर्षे चाललेली अ‍ॅप तर ट्विटरने जानेवारी २०२३ मध्ये आगाऊ सूचना न देता बंद पाडली. त्यांनी कशाशी जुळवून घ्यायचे होते?

सर्वांत खटकली ती लेखासोबतची चौकट. तिच्यात अधिकृत परवानगीने चालणारी साधने आणि तुमचा पासवर्डच मागून घेणारी साधने एकाच रांगेत बसवली आहेत, आणि दुसऱ्यांपुढे ‘किफायतशीर’ असे लिहिले आहे. ही दुसरी जात पडद्याआड ब्राउझर उघडून माणूस असल्याचे सोंग करते. माध्यमाने लॉगिनच्या पानाची मांडणी बदलली की तिला बटण सापडत नाही, ‘मी रोबो नाही’ची खूण आली की ती अडते. शिवाय तिचा सर्व्हर असतो कुठल्यातरी परक्या देशात. तालुक्याच्या वाचनालयाचे खाते अचानक तिथून उघडलेले पाहून माध्यमाने ते संशयास्पद ठरवून गोठवले, तर दोष कोणाचा? आमच्या एका विश्वस्तांच्या पुतण्याने मला असलेच साधन महिना तीनशे रुपयांत देऊ केले होते. ‘काका, फक्त पासवर्ड द्या.’ बँकेत ३४ वर्षे जे वाक्य ऐकून ताठ बसायची सवय लागली, ते नेमके हेच. आपल्या चौकटीने मात्र त्या पुतण्याला बळ दिले. रविवारी संध्याकाळीच कात्रण घेऊन हजर!

लॉगिनचा विषय निघालाच आहे म्हणून एक विनंती. आपला ई-पेपर मला रोज सकाळी नव्याने ओळख पटवायला लावतो. मोबाइल तोच, ब्राउझर तोच, वर्गणीदार तोच. ‘मला लक्षात ठेवा’ या चौकोनात मी रोज खूण करतो आणि आपण रोज विसरता. आज ओटीपी आला तेव्हा शेजाऱ्यांच्या दारात छापील अंक पडून पाऊण तास झाला होता. शब्दकोडे त्यांच्याच अंकातून उतरवून घेतले.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
जि. सातारा