भरलेल्या टाकीचं वजन कोण विचारतं?

महोदय,

आमची इमारत 1986 ची. तीस वर्षं उलटलेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्याने करावंच लागतं, तसं आमचंही झालं. आलेल्या मंडळींनी गच्ची पाहिली, कॉलमवर हातोडी वाजवली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गॅलरीतल्या अकरा कुंड्या, तुळशीसकट, उतरवायला लावल्या. मग ते माझ्या हॉलमध्ये आले. तिथे सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच काचेची टाकी सिलिकॉन सुकायची वाट बघत रिकामी उभी होती. "वा, किती मासे सोडणार?" असं विचारून ते चहा पिऊन गेले. टाकी भरल्यावर वजन किती होईल, हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तोवर मीही स्वतःला विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच हे पत्र.

मी रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. लहानपणी वडिलांनी चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं, तेव्हापासून घरात मोठी टाकी हवी हे डोक्यात होतं. (1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंदच आहे. नातवाला दाखवायचं राहून गेलं.) एवढी टाकी तयार आणता येत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून 15 मिलिमीटरच्या पाच काचा कडा घासून आणल्या आणि जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवल्या. त्यातल्या मोठ्या काचा एकेक पन्नास किलोच्या वर. बॉक्स पाइपचा स्टँड मीच वेल्ड केला, पाणसळ लावून पाय समतल केले, वर प्लायवूड आणि थर्माकोलची शीट टाकली. काच आणि लाकूड यांच्यात एक खडा जरी राहिला तरी तळाची काच तिथूनच तडकते. सिलिकॉन आंबूस व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलं घेतलं. त्यात मी कुठे कमी पडलो नाही. टाकी एका थेंबानेही गळली नाही.

चुकलं ते टाकीखाली. दुकानदार म्हणाला होता, "काका, काही होत नाही, लोक घरात जिमचं सामान ठेवतात." टाकी दोन दिवसांत थांबत थांबत भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या पंख्याच्या हुकापासून एक केसाएवढी भेग निघाली होती. मी तडक नळी लावून पाणी न्हाणीघरात सोडलं आणि भाच्याला फोन केला. तो सिव्हिल इंजिनियर. त्याने आधी कागद मागितला.

पाणी साधारण हजार लिटर, म्हणजे हजार किलो. काच दोनशे, स्टँड शंभर, वाळू आणि दगड शंभर. एकूण चौदाशे किलो, तेही जेमतेम 1.4 चौरस मीटरवर. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामानाचा भार म्हणून भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरतात. माझा होता त्याच्या पाचपट. भाचा म्हणाला, पाचपट म्हणजे लगेच स्लॅब खाली येतो असं नाही, कारण तो आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे. तीच टाकी बीमला लागून ठेवली असती तर गोष्ट वेगळी होती. मी ती हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पातळ भिंतीला लावली होती, आणि त्या भिंतीखाली बीमच नाही. त्यात मुंबईची दमट, खारी हवा. वहिनींच्या छताचं प्लास्टर ठोकलं तर पोकळ आवाज आला. आतली सळई गंजून फुगली होती. ते दुखणं जुनंच होतं, माझ्या टाकीने ते उघडं पाडलं. छताची दुरुस्ती निम्म्या खर्चाने माझ्या अंगावर आली, ती मी आनंदाने केली.

आता मागणी. आमच्या सोसायटीत खिडकीला ग्रिल लावायची तर एनओसी लागते, एसीचा डबा बाहेर टांगायचा तर लागते. मग हजार लिटरच्या टाकीला का नाही? ऑडिट करणाऱ्यांनी घराघरांत जाऊन "इथे काय जड आहे, काय येणार आहे?" एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर अहवालात लिहावं. दुकानदारांनी बिलावर लिटर लिहितात तसं भरलेलं वजनही लिहावं. एका ओळीचं काम आहे. नवी टाकी घेणाऱ्यांनी स्लॅबखालचे बीम कुठून जातात हे इंजिनियरला दाखवूनच जागा ठरवावी, आणि उंचीचा हव्यास सोडावा. काचेवरचा दाब टाकीच्या लांबीवर नाही, पाण्याच्या खोलीवर वाढतो. खोली निम्मी केली की समोरच्या काचेवरचा एकूण रेटा चौथ्या हिश्श्यावर येतो. माझ्या काचेवर तो पाचशे किलोच्या आसपास होता, हे कळल्यावर मी पुढे दोन दिवस तिच्यासमोर बसलोच नाही.

भाच्याच्या सांगण्यावरून टाकी आता बाहेरच्या भिंतीला, बीमलगत आहे, आणि निम्मीच भरलेली. सहा गोल्डफिश आहेत, मजेत आहेत. येणारे पाहुणे मात्र हटकून विचारतात, "आज पाणी आलं नाही वाटतं?"

– एक निवृत्त फिटर, भांडुप (पूर्व), मुंबई